पाटी आहे, माल नाही : सुपरमार्केट चालवणाऱ्यांना खुले पत्र

सुपरमार्केटचे मालक, खरेदी विभागाचे प्रमुख आणि सवलतीच्या जाहिराती ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारपासून हे पत्र मनात घोळतंय. त्या आठवड्यात एका सुपरमार्केटचं पत्रक घरी आलं होतं. पहिल्याच पानावर कपडे धुण्याच्या पावडरीचं मोठं पाकीट, निम्म्या किमतीला, गुरुवार ते रविवार. आमच्या घरात माणसं जास्त, त्यामुळे धुणंही जास्त. अशी दोन पाकिटं महिन्याला सहज संपतात. घरातली पावडर तळाला गेली होती, तरी मी तीन दिवस कळ काढली आणि नेहमीच्या दुकानातून घेतली नाही. शुक्रवारी कामावरून सुटल्यावर घरी न जाता दोन बस बदलून थेट तिथे गेले. सात वाजले होते. रॅकवर पिवळी पाटी होती, निम्मी किंमत लाल अक्षरांत लिहिलेली, आणि पाटीखालचा कप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. तळाशी सांडलेल्या पावडरीचा पांढरा थर तेवढा उरला होता.

शेजारच्या रॅकवर माल लावणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काल दुपारीच संपलं, ताई."

"परत कधी येईल?"

"सांगता येत नाही. उद्या सकाळी लवकर येऊन बघा."

उद्या सकाळी मी कामावर असते. घरात पावडर नव्हती, म्हणून दुसऱ्या कंपनीचं पाकीट पूर्ण किमतीला उचललं. एवढ्या लांब आलेच आहे तर आठवड्याचं बाकीचं सामानही तिथेच भरलं. पिशव्या घेऊन बसस्टॉपवर उभी राहिले तेव्हा कुठे सगळा हिशेब डोक्यात आला. त्या जाहिरातीनं मला दुकानात आणलं, माझ्याकडून भरपूर खरेदी करून घेतली, आणि ज्या एका वस्तूसाठी मी आले होते ती काही मिळाली नाही. दुकानाच्या दृष्टीनं जाहिरात यशस्वी झाली होती.

माझ्या एकटीचंच गाऱ्हाणं असतं तर पत्र लिहायला बसले नसते. त्याच कप्प्यासमोर एक आजोबा उभे होते. पत्रकातला तेवढाच चौकोन त्यांनी कात्रीनं नीट कापून आणला होता. मला म्हणाले, "चष्मा घरी राहिला. तारीख बघता का जरा, आजची आहे ना?" तारीख बरोबर होती. तसं सांगितल्यावर त्यांनी पुन्हा एकदा रिकाम्या कप्प्याकडे पाहिलं, कात्रणाची घडी घालून खिशात ठेवलं आणि काहीही न घेता बाहेर पडले. त्यांना तिथवर यायला किती वेळ लागला असेल ठाऊक नाही. काठी टेकत आले होते.

त्या आजोबांचा विचार मी पुढे बराच केला, कारण तुमच्या संगणकात त्यांची कुठेच नोंद झालेली नसणार. काउंटरवर जे बिल होतं तेच तुम्हाला दिसतं. विकला गेलेला माल मोजला जातो. मागूनही न मिळालेला माल कोणीच मोजत नाही. समजा शंभर पाकिटं ठेवली, शंभर विकली, आणि आणखी दोनशे माणसं रिकाम्या हातानं गेली. तर अहवालात येणार 'खप शंभर'. पुढच्या वेळी मागणीचा अंदाज बांधताना त्याच शंभरावर विसंबलात तर पुन्हा तेवढाच माल मागवला जाईल आणि पुन्हा दुपारी संपेल. मालाच्या नियोजनाचं काम करणाऱ्यांना ही गफलत माहीत असते. किती वाजता कप्पा रिकामा झाला, एवढी एकच नोंद विक्रीच्या आकड्याशेजारी ठेवली तरी अंदाज बराच सुधारतो. गुरुवारी दुपारी दोनला संपलेली शंभर पाकिटं आणि रविवारी रात्री संपलेली शंभर पाकिटं यांचा अर्थ एक नाही.

तुमची बाजू समजून न घेता लिहू नये म्हणून मी या विषयावर मिळेल ते वाचलं. सवलतीचा माल किती खपेल हे सांगणं अवघड असतं, हे मला पटलं. किंमत निम्म्यावर आणली की खप दुप्पट होईल की दसपट, हे शेजारच्या दुकानात त्या आठवड्यात काय चाललंय, पगाराचे दिवस आहेत का, पाऊस आहे का, अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. पुरवठादाराची गाडी अडकू शकते. जास्त मागवलं आणि उरलं तर भुर्दंड तुमच्यावर. हे सगळं खरं. पण वाचता वाचता काही आकडे असे सापडले की माझी सहानुभूती थोडी आटली.

२००२ मध्ये दुकानांत माल संपण्याच्या प्रश्नावर एक मोठा अभ्यास झाला होता, अनेक देशांतली माहिती एकत्र करून. कोणत्याही वेळी सरासरी ८.३ टक्के वस्तू जागेवर नसतात, असं त्यात आढळलं. सवलतीच्या वस्तूंमध्ये हे प्रमाण आणखी जास्त निघालं, म्हणजे ज्या मालासाठी तुम्ही लोकांना मुद्दाम बोलावता तोच जास्त वेळा नसतो. आणि कारणं? जवळजवळ पाऊण कारणं दुकानाच्या पातळीवरचीच होती: मागणीचा अंदाज चुकणं, ऑर्डर कमी किंवा उशिरा देणं, रॅक वेळेवर न भरणं. पुरवठादार, मुख्य गोदाम, वाहतूक यांच्या वाट्याला उरलेला सुमारे चौथा हिस्सा. त्यातली एक गोष्ट वाचून तर मी थबकले. साधारण २५ टक्के वेळा माल दुकानातच होता! मागच्या गोदामात, खोक्यात बंद, फक्त रॅकवर आणून लावलेला नव्हता. त्या शुक्रवारी माझी पावडरही अशीच दाराआड पडून होती का, हे मला कधीच कळणार नाही. "मागे बघून येतोस का?" असं त्या मुलाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण 'काल संपलं' हे त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं.

त्याची खात्री कुठून आली असेल, याचंही उत्तर वाचनात मिळालं. एका मोठ्या विक्रेत्याच्या ३७ दुकानांतल्या जवळजवळ ३ लाख ७० हजार साठानोंदी संशोधकांनी तपासल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. संगणक म्हणतो बारा आहेत, रॅकवर एकही नाही. किंवा संगणक म्हणतो शून्य, आणि एखादं खोकं मागे धूळ खात पडलंय. पहिल्या प्रकारात तर नवीन ऑर्डरच जात नाही, कारण यंत्राच्या लेखी माल शिल्लक असतो. कारणं साधीच असतात: चोरी, फुटतूट, काउंटरवर दोन वेगवेगळ्या वस्तू एकाच बारकोडवर मारणं, माल उतरवताना चुकीची मोजणी. एरवी वर्षातून एकदा मोजणी केली तरी चालत असेल. पण ज्या पाच-दहा वस्तूंची तुम्ही पहिल्या पानावर जाहिरात करता, तेवढ्यांची मोजणी तरी आदल्या रात्री माणसानं हातानं करायला नको का? पाच-दहाच तर वस्तू असतात.

बारकोड पहिल्यांदा सुपरमार्केटच्या काउंटरवर वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. दर मिनिटाला कोणतं पाकीट कुठल्या काउंटरवरून गेलं हे आज तुम्हाला कळतं. म्हणून "एवढ्या लवकर संपेल असं वाटलं नव्हतं" हे उत्तर गुरुवारी दुपारी एकदा चालेल. शुक्रवारी संध्याकाळी चालणार नाही. गुरुवारी दुपारी माल संपल्याचं तुम्हाला कळलं होतं. त्यानंतर पत्रकातली जाहिरात मागे घेता येत नाही, मान्य. पण दारावर एक कागद लावता येतो. तुमच्या ॲपवर दोन ओळी लिहिता येतात. रॅकवरची पाटी काढता येते. त्यातलं काहीच झालं नाही, आणि शुक्रवारी, शनिवारी, रविवारी ती पाटी माणसांना बोलावत राहिली. माल संपणं हा अपघात म्हणून मी सोडून देईन. पाटी तशीच राहणं हा अपघात नाही, तो कोणीतरी घेतलेला किंवा घ्यायचा टाळलेला निर्णय आहे. माझी खरी तक्रार इथे आहे.

पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'साठा संपेपर्यंत' असं छापलेलं असतं, हे तुम्ही दाखवून द्याल. मी ते वाचलं होतं. पण किती साठा? दोन हजार पाकिटं की चाळीस? 'गुरुवार ते रविवार' हे मोठ्या अक्षरांत आणि 'साठा संपेपर्यंत' हे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं, तर वाचणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा? चार दिवस सांगितलेत तर चार दिवस पुरेल अशी तुमची स्वतःची अपेक्षा होती, असंच कोणीही धरून चालणार. तशी अपेक्षा नसेल तर 'गुरुवारी सकाळी' एवढंच छापावं. मग माझ्यासारखी बाई तीन दिवस पावडरीवाचून राहणार नाही आणि दोन बसही बदलणार नाही.

एखादी वस्तू तोट्यात विकून गिऱ्हाईक आत आणायचं आणि बाकीच्या मालावर तो तोटा भरून काढायचा, ही व्यापारातली जुनी रीत आहे. तिला माझा विरोध नाही. दुकानाला चार पैसे सुटतात, घराला एक वस्तू स्वस्त पडते, दोघांचं भागतं. पण हा सौदा दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. गिऱ्हाईक आत आलं म्हणजे त्याची बाजू पुरी झाली. तुमची बाजू रॅकवर असायला हवी. ती नसेल तर उरतं ते नुसतं आमिष, आणि आमिषाच्या जाहिरातीबद्दल जगभरच्या कायद्यांनी केव्हाच मत देऊन ठेवलंय. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, १९५९ मध्येच अशा जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशात ज्या व्यापारी प्रथा कोणत्याही परिस्थितीत अनुचित ठरतात त्यांची यादी आहे, तिच्यात ही प्रथा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात तिच्यासाठी वेगळं कलम आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितलंय की, जाहिरातीमुळे जेवढी मागणी येईल असा अंदाज आहे तेवढा पुरेसा माल हवा, आणि मागणी साठ्यापेक्षा जास्त होईल असं वाटत असेल तर साठा मर्यादित असल्याचं स्पष्ट सांगायला हवं.

तुमचे वकील हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. मी ते धमकी म्हणून लिहीत नाही. युरोपच्या त्या निर्देशातली एक कसोटी मला फार शहाणपणाची वाटली म्हणून लिहिलं. माल 'वाजवी' प्रमाणात होता का हे ठरवताना तीन गोष्टी बघायच्या, असं तो सांगतो: वस्तू कोणती आहे, जाहिरात किती मोठी केली आणि किंमत काय लावली. म्हणजे जेवढा मोठा गाजावाजा, तेवढा मोठा साठा. दुकानातल्या कोपऱ्यात हातानं लिहिलेली एक पाटी लावली तर पंचवीस पाकिटं पुरतील. घरोघरी पत्रकं वाटली, बसवर बोर्ड लावले, मोबाइलवर संदेश पाठवले, तर त्याच पंचवीस पाकिटांना वाजवी म्हणता येणार नाही. मला वाटतं, बहुतेक दुकानांत जाहिरात करणारे आणि माल मागवणारे एकमेकांशी पुरेसं बोलत नसावेत. एक विभाग शहरभर दवंडी पिटतो आणि दुसरा नेहमीच्या सवयीनं ऑर्डर देतो.

आता माझी मागणी. ती एकच आहे आणि ती नवी नाही. माल संपला की चिठ्ठी द्या.

अमेरिकेत याला 'रेन चेक' म्हणतात. शब्द बेसबॉलच्या मैदानावरून आला. पावसानं सामना थांबला तर प्रेक्षकाच्या तिकिटाचा तुकडा पुढच्या सामन्याला चालायचा. सामना बघायला आलेल्या माणसाला 'पाऊस आला, आम्ही काय करणार' असं म्हणून वाटेला लावत नसत. पुढे दुकानांनी तीच पद्धत उचलली: जाहिरातीतला माल संपला असेल तर गिऱ्हाइकाला कागद लिहून द्यायचा, माल आला की त्यानं यावं आणि सवलतीच्याच किमतीला घेऊन जावं. फेडरल ट्रेड कमिशननं १९७१ मध्ये किराणा दुकानांसाठी नियम केला की जाहिरात केलेला माल जाहिरातीच्या काळात दुकानात, हाताला लागेल असा असलाच पाहिजे, नाहीतर साठा मर्यादित आहे हे जाहिरातीत स्पष्ट सांगा. १९८९ मध्ये तो नियम बदलून दुकानदारांना थोडी मोकळीक दिली गेली: अपेक्षित मागणीपुरता माल वेळेवर मागवला होता हे दाखवा, किंवा चिठ्ठी द्या, किंवा तशीच दुसरी वस्तू तेवढ्याच सवलतीत द्या, किंवा निदान तेवढ्या मोलाची दुसरी भरपाई द्या. मला हा नियम आवडतो, कारण त्यात कोणाला गुन्हेगार ठरवलेलं नाही. माल संपू शकतो हे तो मान्य करतो, आणि संपल्यावर काय करायचं ते सांगतो.

त्या शुक्रवारी माझ्या हातात अशी एक चिठ्ठी पडली असती तर काय झालं असतं, याची मी कल्पना करून पाहिली. एक लहान पाकीट घेऊन मी आठवडा काढला असता. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली असती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तुमच्याच दुकानात आले असते आणि पुन्हा चार वस्तू जास्तीच्या घेतल्या असत्या. आजोबांना वेगळा फायदा झाला असता. त्यांनी माल आल्याचा फोन येईपर्यंत घरी वाट पाहिली असती, किंवा चिठ्ठी कोणाजवळ देऊन पाकीट मागवून घेतलं असतं. दुकानाला चिठ्ठ्यांचा आणखी एक उपयोग आहे: किती माणसं रिकाम्या हातानं गेली, हा मघाचा न दिसणारा आकडा चिठ्ठ्यांच्या पुस्तकात आपोआप लिहिला जातो. मागणीचा त्यापेक्षा खरा अंदाज कोणत्या संगणकानं दिला असता?

माल खरंच पुन्हा येणार नसेल, तर त्याच रॅकवरची त्याच मापाची दुसरी वस्तू त्या किमतीला द्या. पावडरीला पावडर. हे करायला फार शोध लावायला लागत नाहीत. रॅकच्या माणसाला तेवढा अधिकार द्यायला लागतो.

चिठ्ठीला तुमच्या लोकांचा विरोध काय असेल, त्याचा अंदाज आहे. लोक एकाच्या पाच चिठ्ठ्या घेतील. तर एका बिलाला, एका घराला दोनच नगांची मर्यादा घाला, जी तुम्ही सवलतीच्या मालावर एरवीही घालता. ती मर्यादा मात्र मनापासून पाळा. काही ठिकाणी सकाळी दार उघडताच दोन-चार माणसं ट्रॉल्या भरून सगळा साठा उचलतात आणि पुढे विकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय; काउंटरवर चार वेगवेगळी बिलं केली की मर्यादा संपली. त्या माणसांना दोष देण्यापेक्षा काउंटरवर थोडी दक्षता ठेवणं सोपं आहे. दुसरा विरोध खर्चाचा. सवलतीचा तोटा ठरावीक रकमेच्या पुढे जाऊ नये म्हणून साठा मुद्दाम कमी ठेवला जातो, असंही होत असेल. त्यालाही माझी हरकत नाही! फक्त तो आकडा छापा. 'या शाखेत ३०० पाकिटं' असं पत्रकात लिहा. म्हणजे कोणी पहाटे रांग लावेल, कोणी यायचंच नाही असं ठरवेल, पण जो तो माहितीवर ठरवेल. आकडा छापायची लाज वाटत असेल इतका तो लहान असेल, तर एवढ्या मोठ्या जाहिरातीला तो पुरा नव्हता हे तुम्हालाच ठाऊक होतं असं म्हणावं लागेल.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते. हा माल नेहमी सकाळी मिळतो. सकाळी दुकानात कोण येऊ शकतं? ज्याच्याकडे वेळ आहे, गाडी आहे, घरी मूल सांभाळायला माणूस आहे. संध्याकाळी कोण येतं? पाळीवरून सुटलेली नर्स, दिवसभर उभा राहिलेला सुरक्षारक्षक, मुलाला शाळेतून घेऊन, घरी सोडून मग निघालेली आई. त्या सवलतीची गरज कोणाला जास्त आहे, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. निम्म्या किमतीचं पाकीट एकासाठी चांगला सौदा असतो, दुसऱ्यासाठी महिन्याच्या हिशेबातली भेग बुजवणारा असतो. आणि पद्धत अशी की दुसऱ्याच्या वाट्याला कायम रिकामा कप्पा यावा. साठा चार दिवसांवर वाटून टाका. रोजच्या वाट्यातला निम्मा माल संध्याकाळी पाचनंतर रॅकवर आणा आणि तसं पाटीवर लिहा. यात तुमचा एक पैसाही जास्त जात नाही. माल तेवढाच, सवलत तेवढीच, फक्त खोकी उघडायची वेळ बदलते. एवढं एक जरी कोणी उद्यापासून सुरू केलं तरी मी त्या दुकानाची कायमची गिऱ्हाईक होईन.

रॅकवरच्या त्या मुलाबद्दलही लिहायला हवं. माझ्यानंतर एक गृहस्थ त्याच्यावर ओरडले. "खोट्या जाहिराती करता, लाज नाही वाटत?" असं काहीसं. तो काही बोलला नाही, खोकी लावत राहिला. त्यानं पत्रक छापलं नव्हतं, ऑर्डर दिली नव्हती, पाटी काढायचा अधिकार त्याला नव्हता. दिवसभरात असं किती जणांचं ऐकलं असेल त्यानं? तुमच्या एका निर्णयाचा राग तुम्ही ज्याला सगळ्यात कमी पगार देता तो झेलतो. त्याच्या हातात चिठ्ठ्यांचं एक पुस्तक असतं तर त्या गृहस्थांना देण्यासारखं काहीतरी त्याच्यापाशी असतं. "माफ करा, संपलंय, पण ही घ्या" असं म्हणताना माणसाची मान खाली जात नाही.

सुपरमार्केटची कल्पनाच विश्वासावर उभी आहे, असं मला वाटतं. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पिगली विगली नावाचं दुकान निघालं आणि गिऱ्हाइकानं स्वतः रॅकवरून वस्तू उचलायची पद्धत तिथून रुळली. त्याआधी काउंटरपलीकडचा दुकानदार मागितलेली वस्तू काढून द्यायचा. वस्तू नसली तर तोच तोंडानं सांगायचा, परवा या, तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. तो बाजूला ठेवायचाही, कारण परवा त्याला तुमचं तोंड बघायचं असायचं. काउंटर गेला तेव्हा त्या माणसाची जागा पाटीनं घेतली. आता दुकानाच्या वतीनं आमच्याशी बोलायला पाटीच काय ती उरलीय. ती खोटं बोलायला लागली तर आम्ही बोलायचं कोणाशी?

माझी विनंती तुमच्यापैकी सर्वांत मोठ्यांना आहे तशीच एकदोन शाखा असलेल्यांनाही आहे. पुढच्या पत्रकात साठ्याचा आकडा छापा. माल संपला की तासाभरात पाटी उतरवा. चिठ्ठ्यांचं पुस्तक छापून घ्या आणि ते व्यवस्थापकाच्या खोलीत कुलपात ठेवू नका, रॅकच्या माणसाच्या खिशात असू द्या. सुरू केलंत तर दारावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा, म्हणजे चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता येईल. मी कामावरून सुटल्यावर, सातच्या सुमारास, येऊन बघेन.

आपली,
संध्याकाळी खरेदीला येणारी एक ग्राहक